दाताची गती आणि वाटेचे अंतर : त्वरित दंतव्यंगोपचाराचा इतिहास आणि चंद्रपूर-गडचिरोलीचा वनप्रदेश

प्रास्ताविक

वेडेवाकडे, दाटीवाटीने उगवलेले अथवा पुढे आलेले दात हळूहळू सरकवून योग्य जागी आणण्याच्या शास्त्राला दंतव्यंगोपचार असे म्हणतात. सामान्य बोलण्यात यालाच ‘दातांना तार लावणे’ किंवा ‘क्लिप लावणे’ असे म्हटले जाते. या उपचारातील सर्वांत मोठी अडचण कोणती, असा प्रश्न केल्यास रुग्ण आणि तज्ज्ञ या दोघांचेही उत्तर बहुधा एकच येईल, आणि ते म्हणजे वेळ. दात हा हाडात रुतलेला असतो आणि हाडातून त्याचा प्रवास महिन्याला साधारणतः एक मिलिमीटर इतक्या मंद गतीने होतो. निरनिराळ्या देशांतील अभ्यासांचा २०१६ मध्ये जो एकत्रित आढावा प्रसिद्ध झाला, त्यानुसार स्थिर तारांच्या संपूर्ण उपचारास सरासरी सुमारे २० महिने लागतात आणि त्या अवधीत रुग्णाला सुमारे १८ वेळा दवाखान्यात जावे लागते.

हा अवधी कमी व्हावा यासाठी गेल्या सव्वाशे वर्षांत अनेक उपाय योजले गेले. त्यांपैकी विशेष चर्चेत राहिलेला उपाय म्हणजे दाताभोवतीच्या हाडाला मुद्दाम मर्यादित स्वरूपाची इजा करणे होय. प्रारंभी ही इजा मोठ्या शस्त्रक्रियेने केली जात असे. पुढे ती लहान होत होत हिरडीवरच्या सूक्ष्म छिद्रापर्यंत आली. या तंत्रांना ‘अल्पछेदी तंत्रे’ असे म्हणता येईल. त्यांचा इतिहास युरोप, अमेरिका आणि कोरिया येथील विद्यापीठांत घडला. मात्र या इतिहासातून निघालेले दावे विदर्भाच्या पूर्व टोकाकडील चंद्रपूर व गडचिरोली या वनजिल्ह्यांच्या भूमीवर ठेवून पाहिले असता वेगळेच चित्र दिसू लागते. जेथे वेळेची बचत सर्वांत मोलाची आहे, तेथीलच माणसे या तंत्रांच्या चाचण्यांत बसत नव्हती, हे प्रस्तुत लेखाचे प्रतिपादन आहे.

वनप्रदेश आणि दवाखान्याची वाट

पूर्वीचा चांदा जिल्हा १९६४ मध्ये चंद्रपूर या नावाने ओळखला जाऊ लागला आणि २६ ऑगस्ट १९८२ रोजी त्याचे विभाजन होऊन गडचिरोली जिल्हा अस्तित्वात आला. गडचिरोलीच्या क्षेत्रफळापैकी निम्म्याहून कितीतरी अधिक भाग वनाच्छादित आहे. माडिया, गोंड, परधान, कोलाम इत्यादी समाजांची येथे जुनी वस्ती असून माडिया व कोलाम या जमातींची गणना शासनाने विशेष असुरक्षित आदिम जमातींमध्ये केली आहे. इंद्रावती, पर्लकोटा आणि पामुलगौतम यांच्या संगमावरील भामरागड हे तालुक्याचे ठिकाण पावसाळ्यात पुरामुळे बाहेरच्या जगापासून तुटते, ही बाब वृत्तपत्रांच्या वाचकांना दरवर्षीची झाली आहे.

या भागातील आधुनिक वैद्यकसेवेचा इतिहास बव्हंशी स्वयंसेवी कार्याचा इतिहास आहे. बाबा आमटे यांनी वरोऱ्याजवळ १९४९ मध्ये आनंदवन उभारले आणि १९७३ च्या डिसेंबरमध्ये भामरागड परिसरात हेमलकसा येथे लोकबिरादरी प्रकल्पाचा आरंभ झाला. डॉ. प्रकाश व डॉ. मंदाकिनी आमटे यांचा तेथील दवाखाना हा दूरदूरच्या गावांतून पायी येणाऱ्या रुग्णांचा आधार ठरला. डॉ. अभय व डॉ. राणी बंग यांनी १९८६ मध्ये गडचिरोलीत ‘सर्च’ या संस्थेच्या कार्यास प्रारंभ केला. शासकीय वैद्यकीय महाविद्यालय चंद्रपुरात २०१५ मध्ये आणि गडचिरोलीत २०२४ मध्ये सुरू झाले.

दंतवैद्यकाचा क्रम या सर्वांच्या मागे लागतो. भारतातील पहिले दंत महाविद्यालय डॉ. आर. अहमद यांनी १९२० मध्ये कलकत्त्यात काढले. दंतवैद्यक कायदा १९४८ मध्ये झाला. दंतव्यंगोपचारतज्ज्ञांची भारतीय संघटना १९६५ मध्ये स्थापन झाली. विदर्भात शासकीय दंत महाविद्यालय १९६८ मध्ये नागपुरास आले आणि त्यानंतर वर्ध्याजवळ सावंगी (मेघे) येथे खासगी दंत महाविद्यालय निघाले. चंद्रपूर शहरात खासगी दवाखाने आहेत, हे खरे. परंतु कमी खर्चात तार लावून घ्यावयाची, तर दोन्ही जिल्ह्यांतील कुटुंबाला नागपूर अथवा सावंगी गाठणे भाग पडते. नागपूर ते गडचिरोली हे अंतर पावणेदोनशे किलोमीटरच्या आसपास आहे आणि गडचिरोली ते भामरागड हेही जवळपास तितकेच. जाऊन-येऊन सातशे किलोमीटर धरले आणि सरासरीच्या १८ भेटी धरल्या, तर भामरागडच्या एखाद्या मुलीला सरळ दातांसाठी बारा हजार किलोमीटरांहून अधिक प्रवास करावा लागेल. सोबत येणाऱ्या पालकाची बुडालेली मजुरी या हिशेबात नाही. उपचाराचा अवधी हा शहरातल्या माणसाच्या दृष्टीने सोयीचा प्रश्न असेल; येथे तो उपचार मिळणार की नाही, याचा निर्णय करतो.

घाईचा जुना इतिहास

दात लवकर सरकावा ही इच्छा नवी नाही. पहिल्या शतकातील रोमन ग्रंथकार सेल्सस याने दुधाचा दात राहून गेल्यामुळे बाजूला उगवलेल्या नव्या दातास रोज बोटाने दाबत राहावे, असे सांगितले आहे. हा संयमाचा मार्ग झाला. अठराव्या शतकातील फ्रेंच दंतवैद्य पिएर फोशार याने १७२८ च्या आपल्या ग्रंथात दातांना दोऱ्याने पट्टी बांधण्याची पद्धत दिली. त्याच बरोबर चिमट्यासारख्या हत्याराने दात एकदम फिरवून जागेवर बसविणे आणि शेजारच्या दातांना बांधून ठेवणे, हा झटपट मार्गही त्याने वर्णिला आहे. एकाच ग्रंथात मंद आणि शीघ्र असे दोन्ही मार्ग शेजारी शेजारी यावेत, हे लक्षणीय होय. पुढची तीन शतके या दोन मार्गांमधील ओढाताणीची आहेत.

दात का सरकतो, याचे उत्तर विसाव्या शतकाच्या उंबरठ्यावर मिळू लागले. स्वीडनचे कार्ल सँडस्टेड यांनी कुत्र्याच्या दातांवर तारेने दाब देऊन हाडाचे सूक्ष्म काप तपासले व १९०४-०५ मध्ये आपले निष्कर्ष प्रसिद्ध केले. दाताचे मूळ आणि हाड यांच्यामध्ये तंतूंचा एक पातळ थर असतो. दाबाच्या बाजूस त्या थरालगतचे हाड झिजते आणि ताणाच्या बाजूस नवे हाड बनते, असे त्यांस आढळले. दाब प्रमाणाबाहेर झाला तर तेथील रक्तप्रवाह थांबतो, ऊतक निर्जीव काचेसारखे दिसू लागते आणि दात सरकण्याऐवजी अडून बसतो, हेही त्यांच्याच प्रयोगांतून पुढे आले. व्हिएन्नाच्या श्वार्झ यांनी १९३२ मध्ये यास मोजमापाची जोड दिली. दाताच्या मुळावरील दाब तेथील केशवाहिन्यांमधील रक्तदाबाहून अधिक असू नये, असे त्यांचे सूत्र होते. म्हणजेच दात सरकविणे ही क्रिया मुळात रक्तपुरवठ्याशी बांधलेली आहे. या मुद्द्याकडे पुढे पुन्हा यावयाचे आहे.

जोर वाढवून काम होत नाही, हे कळल्यावर दुसरा विचार पुढे येणे स्वाभाविक होते : जोर तोच ठेवून हाडाचाच अडसर कमी का करू नये? १८९० च्या दशकातच हाड कापून दात हलविण्याचे प्रयत्न नोंदले गेले आहेत. परंतु या विचाराला पद्धतीचे रूप दिले ते ऑस्ट्रियातील शल्यविशारद हाइनरिख कोले यांनी, १९५९ मध्ये. दातांच्या मध्ये हाडाचे बाहेरचे कठीण कवच उभे चिरावे आणि मुळांच्या टोकांच्या वर आडवा छेद घ्यावा, म्हणजे दात आपल्या हाडाच्या ठोकळ्यासकट सरकतो, अशी त्यांची कल्पना होती. उपचार काही महिन्यांत आटोपत असे. मात्र हिरडी मोठ्या प्रमाणावर सोडवावी लागे, वेदना व सूज असे आणि हाडाचा तुकडा मृत होण्याची भीती असे. त्यामुळे कोले यांची पद्धत बराच काळ अपवादानेच वापरली गेली.

विशेष म्हणजे पद्धत उपयोगी पडत होती, पण तिचे दिलेले कारण चुकीचे होते. खुलासा दंतवैद्यकाच्या बाहेरून आला. अमेरिकन अस्थिशल्यविशारद हॅरोल्ड फ्रॉस्ट यांनी १९८३ मध्ये असे मांडले की, हाडाला इजा झाली की त्या भागातील झीज आणि भर या दोन्ही क्रिया नेहमीच्या कितीतरी पट वेगाने चालू लागतात. मोडलेले हाड सांधण्याची ही निसर्गाची रीत आहे. हा वेग काही दिवसांत सुरू होतो, एक-दोन महिन्यांत शिखरास पोहोचतो आणि पुढे हळूहळू ओसरतो. फ्रॉस्ट यांनी या घटनेला ‘प्रादेशिक त्वरण’ अशा अर्थाचे नाव दिले. पेनसिल्व्हेनियातील विल्को बंधू, म्हणजे एक दंतव्यंगोपचारतज्ज्ञ आणि दुसरे हिरडीतज्ज्ञ, यांनी २००१ मध्ये दोन रुग्णांचे वृत्त प्रसिद्ध केले आणि सूक्ष्म क्ष-किरण छेदचित्रांच्या आधारे दाखविले की हाडाचा ठोकळा सरकत नाही. इजा झालेल्या भागातील हाड काही काळ खनिजद्रव्य गमावून मऊ पडते आणि दात त्यातून वाट काढतो. हाडाची भुकटी भरून केलेल्या त्यांच्या शस्त्रक्रियेने सहा-सात महिन्यांत उपचार संपल्याचे त्यांनी नोंदविले.

इजा लहान होत गेली

ठोकळा सरकत नसून हाड केवळ जागे होते, हे एकदा मान्य झाल्यावर तर्काचे पुढचे पाऊल सरळ होते. हाड जागे करण्यासाठी एवढी मोठी चिरफाड हवीच कशाला? येथून खऱ्या अर्थाने अल्पछेदी तंत्रांचा काळ सुरू होतो, आणि तो आश्चर्यकारक घाईने पुढे जातो. कोरियातील यंग-गुक पार्क आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००६ च्या सुमारास हिरडी न सोडवता तिच्यातूनच पातळ पाते हातोडीने हाडात ठोकण्याची रीत मांडली. डोक्याशी हातोडी वाजणे रुग्णाला सुखावह नसते, हे सांगावयास नकोच. बोस्टन विद्यापीठातील सर्ज दिबार व सहकाऱ्यांनी २००९ मध्ये हातोडीऐवजी ध्वन्यातीत कंपनांवर चालणारे सुरीसारखे उपकरण आणले. इटलीच्या तोमासो व्हेर्चेलोत्ती यांनी हाडाच्या शस्त्रक्रियांसाठी पूर्वीच रुळविलेल्या या उपकरणाने हाड कापले जाते, पण मऊ ऊतक फारसे दुखावत नाही. हिरडीवर छोटा उभा छेद आणि त्यातून हाडाला सुमारे तीन मिलिमीटर खोल चीर, एवढ्यावर काम भागू लागले.

यापुढची पायरी न्यूयॉर्क विद्यापीठात गाठली गेली. तेथील तेक्सेरा, अलिखानी व सहकाऱ्यांनी २०१० मध्ये उंदरांच्या जबड्यात बारीक छिद्रे पाडून दाताची गती वाढते असे दाखविले आणि २०१३ मध्ये माणसांवरील चाचणीचे निष्कर्ष प्रसिद्ध केले. चाचणीत २० प्रौढ रुग्ण होते. सुळा मागे सरकविताना त्याच्यामागे स्क्रूसारख्या हत्याराने तीन सूक्ष्म छिद्रे पाडली असता २८ दिवसांत गती २.३ पट झाल्याचे त्यांनी नोंदविले. टाके नाहीत, हिरडी उघडणे नाही आणि वेदना किरकोळ. व्यापारी उत्पादनही लगोलग बाजारात आले.

या उत्साहाला नंतर आलेल्या पुराव्याने बराच आळा घातला. शस्त्रक्रियेच्या साहाय्याने केलेल्या त्वरणाविषयी २०१५ मध्ये कोक्रेन संस्थेचा जो आढावा आला, त्यात कसोटीस उतरणाऱ्या चाचण्या केवळ चार होत्या आणि त्यांतील एकूण रुग्ण ५७. त्या सर्वांत दाताची काही आठवड्यांची गती मोजली होती. संपूर्ण उपचार किती लवकर संपला, हा रुग्णाच्या दृष्टीने मुख्य असलेला प्रश्न त्यांत थेट तपासलेला नव्हता. सूक्ष्म छिद्रांविषयी जॉर्डनमध्ये झालेल्या व २०१८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या नियंत्रित चाचणीत छिद्रांचा काहीही अर्थपूर्ण परिणाम आढळला नाही. इतरत्र अनुकूल निष्कर्षही निघाले आहेत. एकंदरीत पाहता इजा जितकी लहान होत गेली, तितका लाभही अल्पजीवी व अनिश्चित होत गेला, असे म्हणणे वावगे ठरणार नाही. कोले यांच्या शस्त्रक्रियेतील भीती गेली, त्याबरोबर तिच्या परिणामाची खात्रीही गेली.

चाचणीच्या दाराबाहेरची माणसे

वैद्यकीय चाचणीत कोणास घ्यावयाचे याचे नियम आधी ठरलेले असतात. २०१३ च्या चाचणीत सर्वांगीण आजार असलेले, धूम्रपान करणारे आणि दाहशामक औषधे दीर्घकाळ घेणारे रुग्ण वगळलेले होते. शास्त्रीयदृष्ट्या यात गैर काही नाही. शुद्ध परिणाम मोजावयाचा तर गुंतागुंत टाळावीच लागते. मात्र चंद्रपूर-गडचिरोलीत ही ‘गुंतागुंत’ हा अपवाद नसून रोजचा व्यवहार आहे.

प्रथम सिकलसेलचा विचार करू. अमेरिकेत हेरिक यांनी १९१० मध्ये विळ्याच्या आकाराच्या तांबड्या पेशी प्रथम नोंदविल्या. भारतात १९५२ मध्ये लेहमन व कटबुश यांनी निलगिरीतील आदिवासींत या आजाराचा अंश दाखविला आणि १९५८ मध्ये नागपूरच्या शुक्ला व सोळंकी यांनी मध्य भारतातील आढळ ‘लॅन्सेट’मध्ये प्रसिद्ध केला. पूर्व विदर्भात तो केवळ गोंड, माडिया, परधान यांच्यापुरता सीमित नसून अनुसूचित जातींत आणि इतर मागासवर्गीय समाजांतही आहे. ‘सर्च’ने गडचिरोलीत आरंभीच्या काळात सिकलसेलचे सर्वेक्षण केले, परंतु लोकांना तो आपला तातडीचा प्रश्न वाटला नाही आणि त्यातून आपण संशोधनाचा विषय लोकांना विचारून ठरवावयास शिकलो, असे डॉ. अभय बंग यांनी जाहीरपणे सांगितले आहे. चंद्रपूर येथील रक्तविकृतींच्या संशोधन, उपचार व नियंत्रणाचे भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेचे केंद्र ११ डिसेंबर २०२२ रोजी राष्ट्राला अर्पण करण्यात आले आणि १ जुलै २०२३ रोजी सिकलसेल निर्मूलनाची राष्ट्रीय मोहीम सुरू झाली.

या आजाराचा दातांशी काय संबंध, असे वाचकास वाटणे साहजिक आहे. संबंध निकटचा आहे. तांबड्या पेशी लवकर नष्ट होत असल्याने शरीर अस्थिमज्जेचा विस्तार करून तूट भरून काढू पाहते. वरच्या जबड्यात असा विस्तार झाला की जबडा आणि वरचे दात पुढे येतात. म्हणजे दंतव्यंगोपचाराची गरज ज्या कारणांनी निर्माण होते, त्यांत हा आजार स्वतःच एक कारण ठरू शकतो. त्याच वेळी आकडलेल्या पेशी बारीक रक्तवाहिन्यांत अडकून हाडाचा रक्तपुरवठा तोडतात. जबड्याच्या हाडाचा जंतुदाह आणि न किडलेल्या दाताचा गर मृत होणे, हे अशा रुग्णांत नोंदलेले प्रकार आहेत. म्हणून सिकलसेलग्रस्ताला तार लावावयाची झाल्यास जोर सौम्य ठेवावा, दोन वेळा तार घट्ट करण्यामध्ये अधिक विश्रांती द्यावी म्हणजे रक्ताभिसरण पूर्ववत होईल आणि हाडावरील ऐच्छिक शस्त्रक्रिया शक्यतो टाळावी, असा दंतवैद्यकीय वाङ्मयातील सल्ला आहे.

येथे दोन शास्त्रीय उपदेश समोरासमोर उभे राहतात. त्वरणाचे शास्त्र सांगते : हाडाला इजा करा आणि ती भरून येण्याच्या आत तार पुन्हा पुन्हा घट्ट करा. सिकलसेलचे शास्त्र सांगते : हाडाला शक्यतो हात लावू नका आणि थांबत थांबत चाला. सँडस्टेड आणि श्वार्झ यांनी दाताच्या गतीचे मूळ रक्तप्रवाहात शोधले होते. ज्याचा रक्तप्रवाहच बेभरवशाचा, त्याच्या बाबतीत इजेनंतर हाड वेगाने जागे होईल की सुन्न पडेल, हे निरोगी प्रौढांवरील चाचणीवरून सांगता येत नाही. आणखी एक बाब. त्वरणाची सारी क्रिया दाहावर अवलंबून आहे. सिकलसेलच्या कळांसाठी रुग्ण वारंवार दाहशामक वेदनाशामके घेतो आणि ही औषधे दाताची गती मंदावतात, असे प्राण्यांवरील प्रयोगांत दिसले आहे. एका हाताने पेटविलेले दुसऱ्या हाताने विझवावे, असाच हा प्रकार होय. आजाराचे केवळ वाहक असलेल्यांना सहसा त्रास होत नाही. परंतु कोण वाहक आणि कोण पीडित, हे रक्त तपासल्याखेरीज कळत नाही. विद्राव्यतेची प्राथमिक चाचणी अत्यंत स्वस्त आहे आणि तीत दोष आढळल्यास पुढच्या तपासणीने वाहक व पीडित वेगळे करता येतात. हाडाला छिद्र पाडण्यापूर्वी ती तपासणी येथे व्हावी, यास विशेष युक्तिवादाची आवश्यकता नसावी.

दुसरी गोष्ट खर्ऱ्याची. सुपारी, तंबाखू आणि चुना एकत्र घोटून केलेला खर्रा विदर्भात लहानथोर सर्वत्र चालतो. गुटख्यावर महाराष्ट्रात २०१२ मध्ये बंदी आली, पण पानठेल्यावर समोर घोटून दिला जाणारा खर्रा सवयीने टिकून राहिला. गडचिरोलीत तंबाखू व दारूविरोधी ‘मुक्तिपथ’ हे अभियान २०१६ पासून चालविले गेले, ते या पार्श्वभूमीवर. सुपारीमुळे गालाच्या आतील अस्तर ताठर होऊन तोंड उघडणे कमी होत जाते. नागपूरच्या शासकीय दंत महाविद्यालयातील डॉ. हजारे व सहकाऱ्यांनी २००७ मध्ये मध्य भारतातील अशा १,००० रुग्णांचा अभ्यास प्रसिद्ध केला. एवढी संख्या एका केंद्राकडे जमावी, यातच प्रश्नाचे स्वरूप स्पष्ट होते. तोंड जेमतेम दोन बोटे उघडत असेल, तर मागच्या दाढांजवळ उपकरण पोहोचणेच कठीण. शिवाय तंबाखूने हिरडीची जखम भरून येण्यास विलंब होतो. पाश्चात्त्य चाचण्यांनी धूम्रपान वगळले; खर्ऱ्याचे नावही त्यांना ठाऊक असण्याचे कारण नव्हते.

महिने की फेऱ्या?

एवढ्यावरून वनप्रदेशाला त्वरणाची गरज नाही, असा अर्थ कोणी काढू नये. गरज आहे, पण ती कोणत्या मापाने मोजावयाची, हा प्रश्न आहे. त्वरित उपचाराचे यश नेहमी महिन्यांत सांगितले जाते. शहरात हे माप योग्य आहे, कारण तेथील प्रौढ नोकरदाराला तारा तोंडात दिसण्याचा काळ खुपतो; ही तंत्रे त्याच्यासाठीच घडत गेली. अहेरी, एटापल्ली किंवा सिरोंच्याच्या रुग्णाला खुपतो तो प्रवास. आणि येथेच त्वरणाच्या तंत्रांत एक विरोधाभास दडलेला आहे. फ्रॉस्ट यांनी वर्णिलेला वेग तात्पुरता असतो, म्हणून तो ओसरण्यापूर्वी त्याचा लाभ घ्यावयाचा तर रुग्णाला लवकर लवकर बोलवावे लागते. विल्को बंधूंच्या पद्धतीत दर पंधरवड्याला भेट अपेक्षित आहे. सहा-साडेसहा महिन्यांचा उपचार धरला तर तेरा-चौदा भेटी होतात. त्यात शस्त्रक्रिया आणि टाके काढण्याच्या फेऱ्या मिळविल्या की आकडा नेहमीच्या १८ च्या जवळ जातो. सूक्ष्म छिद्रांचा परिणाम तर त्याहून लवकर ओसरतो आणि ती काही आठवड्यांनी पुन्हा पाडावी लागतात. महिने दोन-तृतीयांशांनी कमी झाले, पण बसची तिकिटे जवळपास तितकीच राहिली. त्यातही हे सहा महिने जून ते नोव्हेंबर असे आले आणि पर्लकोटेला पूर आला, तर जागे केलेले हाड पुन्हा निजून जाईल.

फेऱ्या कमी करण्याच्या दृष्टीने दुसरा एक शोध अधिक मोलाचा ठरला आहे, परंतु त्वरणाच्या इतिहासात त्याची गणना क्वचितच होते. अमेरिकी नौदलाच्या प्रयोगशाळेत निकेल व टायटॅनियमचा एक मिश्रधातू तयार झाला होता. वाकविला तरी तो मूळ आकाराकडे परत येऊ पाहतो. आयोवा विद्यापीठातील जॉर्ज अँड्रिअसेन यांनी १९७१ मध्ये या धातूची तार दातांसाठी वापरण्याचे सुचविले. पोलादी तार जोराने सुरुवात करते आणि दात किंचित सरकताच ढिली पडते. ही तार मात्र सौम्य जोर दीर्घकाळ सारखा ठेवते. त्यामुळे उपचाराच्या आरंभीच्या टप्प्यात दोन भेटींमधील अंतर चार आठवड्यांवरून आठ-दहा आठवड्यांपर्यंत वाढविता येते. दाताची गती तेवढीच राहते, फेऱ्या मात्र घटतात. सौम्य जोर आणि दीर्घ विश्रांती हाच सिकलसेलच्या रुग्णासाठीचाही सल्ला आहे, हे येथे मुद्दाम लक्षात घ्यावे. मंद गतीची ही तार वनप्रदेशाच्या दोन्ही अडचणींना एकाच वेळी सोयीची पडते.

लहानपणीच्या उपायांची बाजूही अशीच दुर्लक्षित राहिली आहे. दुधाची दाढ किडून अकाली पडली की शेजारची दाढ पुढे झुकते आणि खालून येणाऱ्या कायमच्या दाताची जागा जाते. ती जागा राखणारी साधी तारेची कडी वेळेवर बसविली तर पुढचा दीर्घ उपचार कित्येकदा टळतो अथवा सोपा होतो. यासाठी शस्त्रक्रिया लागत नाही, महाग उपकरण लागत नाही. सहा ते दहा वर्षांच्या मुलाचे तोंड कोणी तरी उघडून पाहावे लागते. दोन्ही जिल्ह्यांत शासकीय आणि अनुदानित आश्रमशाळांचे जाळे आहे आणि तेथे मुले वर्षातील बहुतेक महिने एका जागी राहतात. ज्या वयात हे काम करावयाचे, नेमके त्या वयातील मुलांपर्यंत पोहोचण्यासाठी दंतवैद्याला येथे घरोघर हिंडावे लागत नाही. दंत महाविद्यालयांच्या शिबिरांत आश्रमशाळांची तपासणी होते, तेव्हा किडलेल्या दातांची संख्या नोंदविली जाते. त्याच तक्त्यात अकाली गेलेल्या दुधाच्या दाढा आणि सिकलसेल तपासणीचा निकाल असे दोन रकाने वाढविण्यास फारसा खर्च येणार नाही.